गळ्याला होल पाडलं म्हणजे माणूस गेला का?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, या भागाचं लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत.

तुम्हाला माहितीच आहे, मी मूळचा पुणतांब्याचा. २०१७ च्या शेतकरी संपामुळे आमच्या गावाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. रेल्वेने फिरणाऱ्यांना ते दौंड-मनमाड लाइनवरचं जंक्शन म्हणून माहीत असतं, कारण शिर्डीची लाइन तिथून फुटते. पण गावातल्या कुणालाही विचारा, तो आधी चांगदेवांचं नाव घेईल. गोदावरीच्या काठावर त्यांची समाधी आहे. कथा अशी की चांगदेव चौदाशे वर्षं जगले. मृत्यू दारात आला की ते योगबळाने प्राण वर चढवून बसायचे आणि काळ हात हलवत परत जायचा. लहानपणी आम्ही पोरं नदीत बुडी मारून कोण जास्त वेळ दम धरतो याची पैज लावायचो. जो जिंकेल तो त्या दिवसापुरता चांगदेव.

दम धरणं हा खेळ होता. दम अडकणं म्हणजे काय, ते मला तीन वर्षांपूर्वी कळलं.

जानेवारी महिना, कारखाने जोरात चालू. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, रात्री मोटारसायकलवरून नगर-मनमाड रोडने घरी येत होते. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. डोक्याला जबर मार बसला. आयसीयू, व्हेंटिलेटर, तोंडातून घातलेली नळी. नवव्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना आत बोलावलं आणि म्हणाले, "ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागेल, इथे सही करा." बाबांनी तो कागद माझ्या हातात दिला. घरात बीटेक झालेला मी एकटाच. आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्या पोराला सगळंच कळतं असं धरून चालतात.

मी पार्किंगमध्ये उभा राहून वीस मिनिटं गूगल केलं. फोटो बघितले आणि पोटात गोळा आला. बाहेर चहाच्या टपरीवर एक काका भेटले. ते म्हणाले, "गळ्याला होल पाडलं की माणूस माघारी येत नाही. आमच्या साडूचं तेच झालं." मी आत जाऊन सांगितलं, "आत्ता नको, दोन दिवस बघू." गावाहून आजीचा फोन आला. तिने एवढंच विचारलं, "त्याला श्वास घेता येतोय ना रं?" मला उत्तर देता आलं नाही.

अकराव्या दिवशी आम्ही सही केली. ते दोन दिवस माझ्या डोक्यात अजून आहेत. त्यांचा हिशोब लावायचा म्हणून मी हा इतिहास वाचायला घेतला.

नेमकं काय करतात?

आधी साधी गोष्ट. आपल्या गळ्यावर बोट फिरवा. वर टणक उंचवटा लागतो तो कंठमणी, त्याच्या आत स्वरयंत्र. तिथून खाली बोट आणलं की छातीच्या हाडाच्या वर एक खळगी लागते. या दोन्हींच्या मधल्या भागात श्वासनलिका कातडीच्या अगदी जवळ असते. ती कूर्चेच्या अर्धगोल कड्यांची बनलेली आहे, व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपसारखी. साधारण दुसऱ्या ते चौथ्या कड्याच्या भागात छेद घेतात आणि वाकडी नळी आत सरकवतात. आता हवा नाक, तोंड, घसा हे सगळं वगळून थेट फुप्फुसात जाते.

म्हणजे वरचा रस्ता बंद असेल तर हा बायपास आहे. पण हवा स्वरयंत्रातून जात नाही, त्यामुळे आवाज निघत नाही. नाकाचं काम असतं हवा गरम आणि ओलसर करणं, तेही होत नाही, म्हणून कफ घट्ट होतो आणि सक्शनने सारखा काढावा लागतो. नळी काढली की हे भोक बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपलं आपण भरून येतं. हे शेवटचं वाक्य मला पार्किंगमध्ये कुणी सांगितलं असतं तर!

माहीत होतं, पण हात धजत नव्हता

मला वाटलं होतं ही आधुनिक शस्त्रक्रिया असणार, शंभरेक वर्षांपूर्वीची. तसं नाहीये. रोमन काळातला वैद्य गेलन लिहून गेलाय की इसवी सनाच्या आधी पहिल्या शतकात ॲस्क्लेपियाडीस नावाच्या वैद्याने घसा बंद झालेल्या रुग्णांसाठी हा उपाय सांगितला होता. दुसऱ्या शतकातल्या अँटिलसने तर जवळपास मॅन्युअलच दिलंय: मान मागे झुकवा, वरची तीन-चार कडी सोडा, कूर्चा कापू नका, दोन कड्यांच्या मधला पडदा आडवा छेदा. आणि हेही सांगितलंय की रोग खाली फुप्फुसापर्यंत उतरला असेल तर हे करून उपयोग नाही. म्हणजे कुठे कापायचं आणि कधी कापायचं नाही, दोन्ही अठराशे वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं.

मग अडलं कुठे? भीतीत. कूर्चा एकदा कापली की जुळत नाही, असा जुन्या वैद्यांचा पक्का समज होता. म्हणजे रुग्ण आज वाचला तरी जखमेने जाणार.

साधारण इसवी सन १००० च्या सुमारास कॉर्डोबा इथे अल-जहरावी नावाचा मोठा शल्यविशारद होता. त्याच्याकडे एक गुलाम मुलगी आणली गेली. तिने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली होती आणि जखमेतून हवा फसफसत होती. त्याने जखम शिवली, ती जगली, आवाज थोडा घोगरा झाला एवढंच. त्याने लिहून ठेवलं की श्वासनलिकेची जखम भरते. पुढे बाराव्या शतकात इब्न झुहरने हाच छेद बकरीवर घेऊन बघितला, तीही बरी झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनला जाण्याआधी टेस्टिंग.

तरीही माणसावर यशस्वी झाल्याची पहिली नीट नोंद सापडते ती १५४६ ची. इटलीत फेरारा इथे ब्रासावोला या वैद्याने घशात गळू होऊन गुदमरणाऱ्या रुग्णाचा गळा उघडला आणि तो माणूस वाचला. त्या काळी कापाकापी वैद्य करत नसत, ते न्हावी-शल्यकाचं काम. त्या रुग्णाला हात लावायला न्हावी-शल्यक तयार नव्हते, म्हणून वैद्यानेच सुरी उचलली.

१६२० मध्ये पॅरिसच्या निकोला हाबिको या शल्यकाने यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला एक पोरगा मला विसरता येत नाही. चोरांपासून वाचवायला त्याने सोन्याची नाणी फडक्यात बांधून गिळली, ती पुरचुंडी घशात अडकली आणि बाहेरून श्वासनलिका दाबून बसली. हाबिकोने गळ्याला छेद देऊन श्वास चालू केला आणि मग ती पुरचुंडी खाली सरकवली. पुढे नाणी नेहमीच्या मार्गाने बाहेर आली. म्हणजे पोरगंही वाचलं, पैसेही वाचले.

ज्युनियर डॉक्टरचं कुणी ऐकलं नाही

आता अमेरिकेत चला. १४ डिसेंबर १७९९. जॉर्ज वॉशिंग्टन, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, वय ६७. पहाटे घशाचा त्रास वाढला आणि दिवसभरात श्वास घेणं अवघड झालं. बिछान्याभोवती तीन डॉक्टर. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी नस कापून रक्त काढलं, पुन्हा काढलं, पुन्हा काढलं. एका दिवसात दोन लिटरच्या वर.

तिघांत सगळ्यात तरुण होते एलिशा डिक, वय ३७. त्यांनी सुचवलं की गळ्याला छेद देऊ, श्वासाला वाट करू. बाकीचे दोघे अनुभवी. त्यांनी ते मान्य केलं नाही. देशातला सगळ्यात मोठा माणूस समोर, जे कधी केलं नाही ते त्याच्यावर करायचं? त्याच रात्री वॉशिंग्टन गेले.

डिकचं ऐकलं असतं तर ते वाचले असते का, यावर डॉक्टर मंडळी आजही वाद घालतात. मला त्यात दिसतं ते वेगळंच. चूक झाली तर ती आपल्या हाताने झाली असं नको, यासाठी माणूस काहीच न करणं पसंत करतो. मी पार्किंगमध्ये "दोन दिवस बघू" म्हटलं, ते याच रांगेतलं.

घटसर्प

हा शब्द शेतकऱ्यांच्या घरात सगळ्यांना माहीत असतो. पावसाळ्याआधी जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस द्यायची असते. घटसर्प झालेल्या गाई-म्हशीचा गळा सुजतो, घरघर लागते आणि जनावर बघता बघता जातं. माणसांच्या डिप्थीरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात. दोन्हींचे जंतू वेगळे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण बघणाऱ्याला दिसतं ते सारखंच: गळा आवळत जातो.

डिप्थीरियात घशात राखाडी पडदा तयार होतो आणि तो पसरत स्वरयंत्रावर बसतो. मुलं लहान, त्यांची श्वासनलिका बारीक, त्यामुळे मुलंच जास्त जायची. आमच्या आजीचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा असताना असाच गेला. आजी सांगते, "घशात सर्प बसला म्हनले. रातभर शिट्टीवानी आवाज यायचा, सकाळी बंद झाला." मला फोनवर तिने श्वासाचं का विचारलं, ते या गोष्टीनंतर समजलं.

हा आजार राजवाड्यांनाही सोडत नव्हता. १८०७ मध्ये नेपोलियनचा छोटा पुतण्या घसा बंद होऊन गेला. त्याला काय झालं होतं ते तेव्हा 'क्रूप' या नावाने ओळखायचे. नेपोलियनने या आजारावरच्या सर्वोत्तम निबंधाला १२,००० फ्रँकचं बक्षीस लावलं.

पुढचं पाऊल टाकलं फ्रान्समधल्या तूर गावच्या पिएर ब्रेतोनो या डॉक्टरने. आधीचे त्याचे प्रयत्न फसले होते, रुग्ण दगावले होते. १८२५ मध्ये त्याच्या मित्राची चार वर्षांची मुलगी त्याच आजाराने गुदमरायला लागली. ब्रेतोनोने तिच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली. ती जगली. या आजाराला नावही त्यानेच दिलं, ग्रीक भाषेतल्या 'चामडं' या अर्थाच्या शब्दावरून, कारण घशातला तो पडदा तसा दिसतो. त्याचा शिष्य त्रूसो याने पॅरिसमध्ये हीच शस्त्रक्रिया शेकड्यांनी केली.

त्रूसोच्या हाताखालीही बहुतेक मुलं दगावतच होती. वाचायची ती साधारण चारातलं एक. आता हा आकडा दोन प्रकारे वाचता येतो. चारातली तीन शस्त्रक्रियेनंतर मेली, म्हणजे शस्त्रक्रिया मारते. किंवा चारही मरणारच होती, त्यातलं एक परत आणलं. शेजारपाजारच्यांनी काय पाहिलं असेल? गळा कापला आणि पोर गेलं. टपरीवरच्या काकांचं वाक्य तिथून चालत आलंय असं मला वाटतं. शेवटच्या घटकेला केलेल्या उपायावरच मरणाचा शिक्का बसतो.

जागा बदलली, आकडे बदलले

उरलेला घोळ तंत्राचा होता. अमेरिकेतला शेव्हालिए जॅक्सन हा डॉक्टर घशात आणि श्वासनलिकेत अडकलेल्या वस्तू काढण्यात उस्ताद होता. टाचण्या, बटणं, नाणी, खेळण्यांचे तुकडे. त्याने काढलेल्या अशा दोन हजारांहून जास्त वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये खणांत लावून ठेवल्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ट्रॅकिऑस्टॉमीची पद्धत बसवून दिली. घाईत अनेक जण स्वरयंत्राला लागून फार वर कापायचे, आणि नंतर तिथे श्वासमार्ग आकसायचा. जॅक्सनने सांगितलं: खाली या, नीट दिसेल असं कापा, योग्य मापाची नळी वापरा, आणि नंतरची निगा शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची. याने शस्त्रक्रियेमुळे होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. आपल्याकडच्या कान-नाक-घसा विभागात आजही धातूची 'जॅक्सन ट्यूब' मिळेल. तिच्या आत दुसरी नळी असते, ती काढून धुवायची आणि परत घालायची. श्वास चालूच राहतो.

दरम्यान घटसर्पालाच आवर बसत होता. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी डिप्थीरियाचं विष मारणारं प्रतिविष दाखवलं. ते पुढे घोड्यांच्या रक्तातून काढायला लागले. वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ चं, बेरिंगला याच कामासाठी मिळालं. या घोड्यांचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम काढण्यासाठी दिले जायचे. सायरस पूनावालांना वाटलं, हे आपणच का करू नये? १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७८ मध्ये देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला आणि त्यात त्रिगुणी लस होती: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. आता तीच पेंटाव्हॅलंटमध्ये मिळते. तुमच्या-माझ्या मांडीवर ती टोचली गेलीय, म्हणून आपल्याला त्या रात्रभरच्या शिट्टीचा आवाज माहीत नाही.

कोपनहेगन, १९५२

इथे गोष्ट वळण घेते. आतापर्यंत ट्रॅकिऑस्टॉमी कशासाठी? वरचा रस्ता बंद झाला म्हणून. आता रस्ता उघडा आहे, पण श्वास ओढायची ताकदच नाही, असे रुग्ण आले.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयानक साथ आली. पहिल्या काही आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ब्लेगडाम हॉस्पिटलने शेवटी बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. भूलतज्ज्ञ त्या काळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर फारसे दिसायचे नाहीत. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली आणि इब्सेनने त्या नळीला रबरी पिशवी जोडून हाताने हवा द्यायला सुरुवात केली. मुलगी जगली.

पण हातानेच हवा द्यायची, तर किती वेळ? दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. आपल्यापेक्षा लहान पोरं, प्रत्येक जण एका रुग्णाच्या उशाशी, पिशवी दाबतोय, सोडतोय. मृत्यूचं प्रमाण आधी निम्म्यावर आणि पुढे आणखी खाली आलं. अशा रुग्णांना एका जागी ठेवून सतत लक्ष द्यायचं, या कल्पनेतून आयसीयू जन्माला आलं. म्हणजे अण्णा ज्या खोलीत होते, त्या खोलीची मूळ कल्पनाच गळ्यातल्या एका नळीवर उभी आहे.

आपल्याकडे हीच पद्धत कामाला आली धनुर्वाताच्या रुग्णांसाठी. गंजका खिळा, शेण-मातीत काम करताना झालेली जखम. धनुर्वातात जबडा लॉक होतो, झटके येतात, घशाचे स्नायू आवळतात आणि श्वास थांबतो. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी अतिदक्षता विभाग उभा करून अशा रुग्णांवर काम केलं: गळ्यातून नळी, व्हेंटिलेटर, आठवडेच्या आठवडे शुश्रूषा. १५० भारतीय रुग्णांचा त्यांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या आजाराला "आता देवाचं नाव घ्या" म्हणायचे, त्यातून माणसं घरी जायला लागली होती.

मग हे करतं कोण?

मुळात हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांचं. घसा, स्वरयंत्र, मान हा त्यांचा रोजचा प्रांत. मुंबईत नायर रुग्णालयात डॉ. एल. एच. हिरानंदानी यांनी डोकं आणि मानेच्या शस्त्रक्रियांत मोठं नाव कमावलं. त्यांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळालं. पवईचं हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं आहे. स्वरयंत्राचा कॅन्सर झाला तर हेच डॉक्टर किंवा कॅन्सर सर्जन काम करतात. इथे एक फरक लक्षात ठेवा. स्वरयंत्र पूर्ण काढलं तर गळ्यावरचं ते छिद्र कायमचं राहतं, कारण वरचा रस्ता उरतच नाही. ती वेगळी शस्त्रक्रिया. तंबाखू-बिडीच्या आपल्या भागात तसे रुग्णही दिसतात आणि लोक दोन्हींची गल्लत करतात.

१९८५ मध्ये पास्क्वाले सिआलिया या अमेरिकन सर्जनने सुई आणि तारेच्या मदतीने छिद्र हळूहळू रुंद करायची पद्धत आणली. त्यामुळे आता आयसीयूतले डॉक्टर आणि भूलतज्ज्ञसुद्धा रुग्णाला थिएटरमध्ये न हलवता, खाटेवरच हे करतात.

पण माझ्या मते या यादीतलं सगळ्यात मोठं नाव नर्सचं. छेद अर्ध्या तासात होतो. त्यानंतर रात्री तीन वाजता नळीत कफ अडकला तर सक्शन कोण करतं? अण्णांच्या वॉर्डात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी माझ्या चुलतभावाला सक्शन, ड्रेसिंग, आतली नळी धुणं सगळं शिकवलं. बारावीला दोनदा बसलेला तो पोरगा आठ दिवसांत इतका तरबेज झाला की शेजारच्या खाटेवाले त्याला बोलवायला लागले.

पूर्वी असं काही लागलं की मुंबई-पुणंच गाठावं लागायचं. आमच्याच राहाता तालुक्यात लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. खेड्यातल्या माणसासाठी अशा ठिकाणांमुळे किती अंतर कमी झालं, हे ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर कळतं.

माझे दोन दिवस

आता हिशोब. मी हे सगळं वाचत होतो ते स्वतःला दोष द्यायच्या तयारीनेच. मग एक अभ्यास सापडला. ब्रिटनमध्ये ९०० हून जास्त आयसीयू रुग्णांवर केलेला, ट्रॅकमॅन नावाचा, २०१३ चा. प्रश्न असा होता: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची ट्रॅकिऑस्टॉमी पहिल्या चार दिवसांत करावी की दहा दिवसांनंतर? जगण्या-मरण्यात दोन्ही गटांत फरक सापडला नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग अण्णांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या दोन दिवसांनी फार काही बिघडलं नाही. पण घसा बंद होत असता आणि तुम्ही दोन दिवस म्हणाला असतात, तर दोन मिनिटंही नव्हती."

मला समजलं ते असं. नाव एकच असलं तरी हे दोन वेगळे प्रसंग आहेत. एक, वरचा रस्ता बंद होतोय: सूज, गाठ, अडकलेली वस्तू, घटसर्प. तिथे वाट बघणं हाच धोका. डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे की ट्रॅकिऑस्टॉमीचा विचार मनात आला, तीच ती करायची वेळ. दुसरा, रुग्ण नळीवर आहे, श्वास चालू आहे, पण ही नळी बरेच दिवस लागणार आहे. तिथे विचारायला वेळ असतो. तोंडातली नळी जिभेवर, स्वरयंत्रावर घासत राहते, त्यामुळे गुंगीत ठेवावं लागतं. ती गळ्यात आली की तोंड मोकळं होतं, गुंगी कमी करता येते, व्हेंटिलेटरवरून उतरवणं सोपं जातं. म्हणजे दुसऱ्या प्रसंगात ट्रॅकिऑस्टॉमी हे बरेचदा घरी जायच्या वाटेवरचं स्टेशन असतं. आपण मात्र पहिल्या प्रसंगाची दोन हजार वर्षांची भीती दुसऱ्यावर लावतो.

सगळेच परत येत नाहीत, हेही सांगतो. काकांचा साडू खरंच गेला होता. पण तो गेला कशाने? नळीने की मुळातल्या आजाराने? ते काकांनी कुणाला विचारलं नव्हतं, आणि मी काकांना विचारलं नाही.

म्हणून कधी तुमच्या हातात तो कागद आला तर गूगल करायच्या आधी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. श्वासाचा रस्ता बंद होतोय, की नळी जास्त दिवस लागणार म्हणून करताय? आत्ता करायचं की विचार करायला वेळ आहे? नळी पुढे निघेल असं वाटतं का? बोलता कधी येईल? घरी नेलं तर निगा कोण शिकवेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "रस्ता बंद होतोय" असं आलं, तर बाकीचे चार नंतर विचारा. आधी सही करा.

अण्णांच्या गळ्यात नळी बसल्यावर तिसऱ्या दिवशी गुंगी कमी केली. त्यांनी डोळे उघडले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चुलतभावाने वही आणि पेन पुढे केलं. अण्णांनी पेन धरलं, बराच वेळ कागदाकडे बघितलं, आणि काहीच लिहिलं नाही. आमच्या गावच्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवल्याची गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. आजीने तो कोरा कागद घडी घालून देवघरात ठेवलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "गाडी कुठे आहे?" मोटारसायकलची चौकशी!

सात आठवड्यांनी नळी निघाली. सिस्टरनी भोकावर बोळा ठेवून पट्टी लावली आणि सांगितलं, बोलताना बोटाने दाबून धरा. आवाज आला, फाटका, पण त्यांचाच. आता गळ्यावर रुपयाएवढा वळ आहे. उन्हाळ्यात बनियनवर बसले की दिसतो. उसाला पाणी द्यायला जातात, डावा हात अजून नीट उचलत नाही, आणि रात्री मोटारसायकल काढायची नाही असा आजीचा हुकूम आहे.

हंगाम चालू असेल तेव्हा ट्रॉलीवाल्यांना थांबवून ते स्वतः मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवतात. रोल मी पुण्याहून ऑनलाइन मागवून देतो. कुणी हुज्जत घातली की ते काही बोलत नाहीत. सदऱ्याचं वरचं बटण काढतात आणि गळा दाखवतात.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरातल्या छोट्याचं लसीकरण कार्ड एकदा उघडून बघा, एखादा डोस राहिलाय का. आणि तुमच्याकडे घटसर्पाच्या काळातली एखादी आठवण सांगणारे आजी-आजोबा असतील तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.